चढाची खाडी

रत्नागिरीत तांब्याभर पाणी सांडलं तर ते कुठल्या बाजूला जाईल, हे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. सपाट जागा इथे मुळातच कमी. घर बांधायचं तर आधी जांभा दगड फोडून जमीन सपाट करून घ्यायची. क्रिकेट खेळायचं तर एका बाजूचा गोलंदाज उतारावरून वाऱ्यासारखा येतो आणि दुसऱ्या बाजूचा धापा टाकत. मारुती मंदिराहून जयस्तंभाकडे जाताना उतार, येताना चढ. मांडवीला उतरायचं, किल्ल्यावर चढायचं, भाट्याला उतरायचं, गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं. अशा गावात सायकल ही वस्तू लोक बहुधा हातात धरून नेतात. माणूस चालतो आणि सायकल त्याला सोबत करते.

आणि नेमक्या याच गावात आबा शेवडे राहत होते. "रत्नागिरीइतका सायकलला सोयीचा मुलूख दुसरा नाही," असं ते म्हणत. चारचौघांत म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, दाढी करताना न्हाव्यालाही सांगत. समोरचा हसला तर त्याच्याकडे फार कीव आल्यासारखं बघत आणि विचारत, "तुम्ही चालवून बघितलीयत का?" समोरच्याने बघितलेली नसे. वाद तिथेच संपे.

आबा आमच्या कचेरीत अनुरेखक होते. कचेरी रस्त्यांची. इंजिनियर साहेबांनी पेन्सिलीने काढलेले रस्ते पारदर्शक कागदावर काळ्या शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. मी तिथेच आवक-जावक सांभाळणारा कारकून आणि शिवाय त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, म्हणून ऑफिसातले आणि घरातले असे दोन्ही आबा माझ्या वाट्याला आले. दोघांत काही फरक नव्हता. तीस वर्षं रस्त्यांचे चढउतार गिरवून आबांना सगळं जग चढाच्या हिशोबात दिसू लागलं होतं. वीस फूट पुढे गेल्यावर रस्ता एक फूट वर जात असेल, तर तो 'एकास वीस'. आबा माणसांनाही हीच मोजणी लावत. आमचे साहेब एकास दहा. साहेबांचा शिपाई एकास आठ, तिथे तर गाडीसुद्धा गरम होते. मी एकास तीस, म्हणजे बरा, पण लांबच्या प्रवासाला कंटाळवाणा. एकदा मी त्यांना विचारलं, "आणि आमच्या माई?" माई म्हणजे त्यांची बायको. तेव्हा माईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. आबा म्हणाले, "ती एकास शंभर. चढ होता हे कळलंच नाही कधी."

अठ्ठ्याण्णव साली आबा निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी माई गेल्या. घरात आबा एकटे उरले. मुलगा सतीश दहावीनंतर पुण्याला शिकायला गेला तो तिकडचाच झाला. चांगली नोकरी, कोथरूडला तीन खोल्यांचा फ्लॅट, बायको, एक मुलगी. मुलगा गुणी. दर रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो एकच गोष्ट विचारायचा: बाबा, इकडे कधी येताय? आबांना जायचं नव्हतं. पण 'मला जायचं नाही' असं मुलाला तोंडावर सांगणं त्यांना जमेना. त्यांनी सायकल पुढे केली.

"तिथे मी सायकल कुठे चालवू?" आबा फोनवर मोठ्याने विचारत. आमच्या स्वयंपाकघरात ते स्पष्ट ऐकू येई. "सगळं सपाट तुमचं. पाय मारायचे थांबलो की सायकल थांबते. ह्याला काय चालवणं म्हणतात?"

सायकलींसाठी नावाजलेल्या शहराबद्दल असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सतीश हसून फोन ठेवायचा आणि आबांना आणखी सात दिवस मिळायचे. त्यांचं रत्नागिरीतलं राहणं असं आठवड्या-आठवड्याने पुढे सरकत होतं आणि ते सगळं त्या काळ्या सायकलवर उभं होतं.

सायकल चोवीस इंची, जुनी, भरभक्कम. दांडीला पावसाळ्यात छत्री बांधलेली, उन्हाळ्यात पाण्याची बाटली. सकाळी साडेसहाला आबा विजारीच्या पायांना क्लिपा लावत, हनुवटीखाली नाडी असलेली टोपी घालत आणि निघत. साडेनऊला परत. कपाळावर घामाचा टिपूस नसे. आमच्या आळीतले लोक मारुतीपर्यंत चालत जाऊन आले तरी ओट्यावर पाय पसरून बसत. आणि अडुसष्ट वर्षांचे आबा पावसला जाऊन येऊन ताजेतवाने पेपर वाचत बसलेले. मला त्यांचा मनापासून हेवा वाटायचा. डॉक्टरांनी माझ्या साखरेबद्दल बोलणं काढलं तेव्हा मीही आबांसारखी सायकल घ्यायची ठरवली आणि सल्ल्यासाठी रशीदभाईंच्या दुकानात गेलो.

रशीदभाई आमच्या भागातले सायकल दुरुस्तीवाले. बोलणं कमी, पण जे बोलतील ते पंक्चर शोधावं तसं नेमकं. मी म्हणालो, "आबांच्या सायकलसारखी पाहिजे. रोज पावसला जाऊन येतात हो ते."

रशीदभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "वासूभाऊ, एक सांगतो, पण माझं नाव घेऊ नका. त्यांच्या सायकलची चेन मी नऊ वर्षांत बदलली नाय. नव्यासारखी हाय. पायडल तर हातसुद्धा न लागल्यागत. आणि ब्रेकचे रबर? दर पंधरा दिवसांनी नवे लागतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते सायकल चालवत नायत," रशीदभाई म्हणाले. "ते सायकल थांबवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि आबांच्या मागे अंतर ठेवून गेलो. हे काही सभ्यपणाचं नव्हतं, पण साखरेचा प्रश्न होता. मारुती मंदिराहून आबा उतारावरून सुसाट गेले, पाय जागचे हलले नाहीत. भाट्याचा पूल ओलांडला. पुढे चढ सुरू होतो, तिथल्या एस.टी.च्या थांब्यावर ते उतरले, सायकल उभी केली आणि टोपीने वारा घेत बसले. पावसची गाडी आली. कंडक्टरने त्यांना पाहून विचारलंसुद्धा नाही. मागच्या शिडीवरून एक जण टपावर चढला, खालून दुसऱ्याने सायकल दिली, दोरीने बांधली. आबा आत खिडकीशी बसले. गोळपच्या सड्यावर गाडी थांबली, सायकल उतरली आणि आबा पावसच्या उताराला लागले. पावसहून परत यायला पुन्हा एस.टी., पुन्हा सडा, पुन्हा उतार. जिथे म्हणून पाय मारावा लागेल तिथे आबा एस.टी.त होते.

मी त्यांना सड्यावर गाठलं. पकडला गेलेला माणूस जसा दिसतो तसे ते जराही दिसले नाहीत.

"अरे वासू, तू पण येतोस होय? बस."

"आबा, ही काय सायकल झाली? चढ सगळा एस.टी.नं."

"मग?" आबांना माझा प्रश्नच कळला नाही. "तुझे आजोबा सायकलवरून पूर्णगडला जायचे ना? मधे खाडी लागली की काय करायचे? सायकल होडीत घालायचे. पलीकडे उतरले की परत सायकल. म्हणून कुणी त्यांना म्हणालं का, की तुम्ही सायकलने गेला नाहीत, होडीने गेलात? नाही ना? मग आपल्याकडे दोन खाड्या आहेत. एक पाण्याची आणि एक चढाची. पाण्याच्या खाडीला होडी, चढाच्या खाडीला एस.टी. ह्यात लपवण्यासारखं काय आहे?"

कोकणी माणसाला वादात हरवायचं असेल तर त्याला आधी बोलू देऊ नये. मी तिथे चूक केली. परत येताना मी हा युक्तिवाद मनात उलटसुलट करून पाहिला आणि मला त्यात भोक सापडेना. पुढे कित्येक दिवस सापडलं नाही. सायकल मात्र मी घेतली नाही.

याच भोळ्या खात्रीने आबांनी इथल्या एका दैनिकात लेख लिहिला. त्यात रत्नागिरीभोवतालचे सात मार्ग दिले होते, प्रत्येकाला लागणारा वेळ मिनिटांत, आणि पुढे छोटासा शेरा. 'गोळप ते पावस : दम लागत नाही.' 'हातखंब्यापासून रत्नागिरी : सुखद.' 'निवळीचा घाट, वरून : अतिसुखद.' घाट खालून कसा आहे याबद्दल लेखात अक्षर नव्हतं, कारण खालून आबा कधी सायकलने गेलेच नव्हते आणि न केलेल्या गोष्टीबद्दल लिहिणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. खोटं म्हणाल तर एक वाक्य नाही. लेख कुणीतरी कापून पुण्याला पाठवला आणि मे महिन्यात सात तरुण मुलं गिअरच्या सायकली घेऊन आबांच्या दारात उभी राहिली. बारीक चाकं, घट्ट चड्ड्या, डोक्याला टोप्या कसल्या, कलिंगडाच्या सालीसारख्या. गोव्याला निघाली होती, समुद्राच्या कडेकडेने.

आबांना कोण आनंद. त्यांनी मुलांना पन्हं दिलं, आमच्याकडून आणखी मागवून दिलं, वेळांचा कागद हाती दिला आणि अकराच्या उन्हात त्यांना भाट्याच्या पुलाकडे लावून दिलं. आपण मागून येतो म्हणाले. आले ते अर्थातच एस.टी.ने. मी कचेरीच्या कामाला पावसला निघालो होतो, म्हणून त्याच गाडीत होतो. चढाच्या मध्यावर सातही मुलं रस्त्याच्या कडेला, करवंदाच्या जाळीच्या सावलीत आडवी पडली होती. एक जण बाटलीतलं उरलंसुरलं पाणी मानेवर ओतत होता. आबांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून त्यांच्यात जाऊन बसले.

त्यांच्यातला म्होरक्या श्वास सापडल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही हा रस्ता चाळीस मिनिटांत करता, असं लिहिलंय."

"होय. कधी अडतीससुद्धा."

"कुठल्या गिअरवर?"

"गिअर कशास हवा?" आबा म्हणाले. "ब्रेकवर."

मग आबांनी सगळ्यांच्या सायकली टपावर चढवायला लावल्या. कंडक्टर कुरकुरला, पण आबांसाठी त्याने केलं. सड्यावरून ती सात मुलं आणि आबा असे आठ जण पावसच्या उताराला लागले. खाली पोचल्यावर मी त्यांना पाहिलं तेव्हा मुलं हसत होती आणि तो म्होरक्या आबांना सांगत होता की एवढा सुंदर रस्ता त्याने पाहिला नाही. आबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांचा लेख सिद्ध झाला होता.

पण सायकल चालवणाऱ्यांचं जग लहान असतं. ही गोष्ट पुण्याला गेली आणि फिरत फिरत सतीशच्या ऑफिसात, त्याच्या टेबलापर्यंत पोचली. त्या रविवारी फोनवर सतीश हसला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो रत्नागिरीला आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर माझ्यासमक्ष त्याने आबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला सायकल चालवता येते का?"

"म्हणजे काय विचारणं झालं?"

"मग आज माझ्याबरोबर चला. पावसला जायचं आणि यायचं. चढावर तुम्ही उतरला नाहीत तर मी वर्षभर पुण्याचं नाव काढणार नाही. उतरलात, तर सामान बांधायचं. वासूकाका पंच."

आबांनी एखाद्या जुन्या वकिलासारखं शब्द तपासून घेत विचारलं, "चढावर उतरायचं नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

"ठरलं."

सतीशने रशीदभाईंकडून सायकल भाड्याने आणली. मी स्कूटरवर मागे. सतीशचं वय तेव्हा चाळिशीला आलेलं, पोट खुर्चीत बसून वाढलेलं, पण जिद्द बापाची. भाट्याचा पूल ओलांडून चढाच्या पायथ्याशी आलो आणि आबा नेहमीच्या थांब्यावर उतरले.

"हे काय? उतरलात की," सतीश म्हणाला.

"चढावर उतरायचं नाही असं ठरलंय. मी सपाटीवर उतरलोय." आणि ते माझ्याकडे वळले. "पंच, बोला."

पंचाने घसा खाकरला. इतक्यात गाडी आली. कंडक्टरने दारातून मान काढली, "आबा, आज दोन सायकली वाटतं? टपावर जागा हाय, चला लवकर."

सतीशचा चेहरा लाल झाला. "मी चढून जातो," तो म्हणाला आणि पायडल मारत निघाला. आबा गाडीत बसले. मी सतीशच्या मागे सावकाश स्कूटर ठेवली. पहिलं वळण त्याने बसून काढलं, दुसरं उभ्याने. तिसऱ्यावर उतरला. गाडी त्याच्या शेजारून गेली तेव्हा आबा खिडकीतून बघत होते. हात वगैरे काही हलवला नाही त्यांनी. चेहरा भेदरलेला होता.

अर्ध्या तासाने सतीश सायकल ढकलत सड्यावर पोचला आणि कातळावर बसला तो बोलेचना. छाती भात्यासारखी हलत होती. आबा धावत आले. धावताना मी त्यांना त्या एका वेळीच पाहिलं. त्यांनी बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, शर्टाची बटणं काढली, टोपीने वारा घातला, आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही.

"कशासाठी रे एवढं?" आबा म्हणाले. "मला चढ येत नाही, सतीश. कधीच येत नव्हता. पस्तिशीतसुद्धा येत नव्हता. ते सायकल-बियकल सगळं बोलायला. मला इथून जायचं नाही. तुझ्या आईबरोबर मी ह्या रस्त्यांवरून फिरलोय, तिला कॅरिअरवर बसवून. उतारावर ती घाबरायची आणि माझा शर्ट धरायची. तुझ्याकडे मला सगळं मिळेल, मला ठाऊक आहे. पण मी तिकडे नुसता बसून राहीन रे."

"मग हे आधी सांगायचं की," सतीश म्हणाला.

"तू न्यायला येतोस ते चांगल्या मनाने येतोस. चांगल्या मनाला नाही म्हणता येत नाही."

मला निकाल द्यायचा होता. मी सामना बरोबरीत सुटला असं जाहीर केलं आणि वर्षभराची मुदत दिली. दोघांनीही ती खाली मान घालून मान्य केली. सतीश परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसला आणि डोळे मिटून आला. त्याची भाड्याची सायकल आबांनी कंडक्टरकरवी टपावरून परत पाठवली. त्यामुळे तो उतार त्या दिवशी सतीशच्या वाट्याला आलाच नाही.

एका वर्षाची दोन झाली. सतीश समजूतदार होता, विषय काढत नव्हता. आबांचं सकाळचं जाणं-येणं चालू होतं. मग आमच्या मार्गावर एकेक करून नव्या गाड्या येऊ लागल्या. स्वच्छ, रंगीत, गुबगुबीत बाकांच्या. सगळं गाव खूश. फक्त त्या गाड्यांना वर टप नव्हता आणि मागे शिडी नव्हती. पहिल्या दिवशी आबांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. कुठूनतरी शिडी निघेल अशी त्यांना आशा होती. कंडक्टर तोच, जुना. तो म्हणाला, "आबा, तुम्ही या, सायकल नाय येणार. मी तरी काय करणार?"

आबांनी दुसरे उपाय केले. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकातून गेले. लाल धुळीने माखून परत आले, ओळखायला वेळ लागला. मग मिरकरवाड्याहून मासळी घेऊन जाणाऱ्या टेंपोवाल्याशी संधान बांधलं. तो आनंदाने न्यायचा. पण त्या सायकलच्या मागे गल्लीतली सगळी मांजरं लागायला लागली. रात्री आबांच्या ओट्यावर सायकलभोवती त्यांची सभा भरे. शेवटी टेंपोवाल्याने सकाळची वेळ बदलली आणि तोही मार्ग बंद झाला.

त्यानंतर दीडेक महिना सायकल घरातच होती. आबा साडेसहाला उठत, विजारीला क्लिपा लावत आणि ओट्यावर बसून राहत. पेपर आला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, जाहिरातींसकट. रविवारी फोनवर मात्र सांगत, "होय तर, रोज जातो." हे वाक्य त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच धडधडीत खोटं होतं आणि ते त्यांना नीट म्हणताही येत नव्हतं. भिंतीपलीकडून मला कळत होतं, तर मुलाला कळणार नाही? गणपती झाल्यावर सतीशने मला फोन केला. "वासूकाका, मी येतोय गाडी घेऊन. खोली रंगवून घेतलीय. ते आता नुसते बसूनच आहेत ना? तर मग इथे काय आणि तिथे काय, निदान माझ्यासमोर बसतील." त्याच्या बोलण्यात चूक काढता आली नाही. मी आबांना काही सांगितलं नाही, पण आबांना ते कळलं असावं, कारण त्याच आठवड्यापासून ते सकाळी पुन्हा दिसेनासे झाले. साडेसहाला जात ते थेट अकरा-साडेअकराला येत.

त्यानंतरही आबा बरीच वर्षं आमच्यात होते. पण मला आबा म्हटलं की आठवतात ते सतीश न्यायला आला त्या सकाळचे.

सतीश नऊला पोचला. घराला कुलूप. मला घेऊन तो गाडीनेच शोधायला निघाला आणि भाट्याच्या चढाला, दुसऱ्या वळणावर आबा दिसले. सायकल ढकलत वर चालले होते. वीस-पंचवीस पावलं जायचे, मग कॅरिअरला बांधलेला जांभ्याचा एक तुकडा काढून मागच्या चाकाला लावायचे, म्हणजे सायकल मागे येऊ नये, आणि हँडलवर डोकं टेकून उभे राहायचे. मग दगड उचलून परत वीस पावलं. पाठीला शर्ट चिकटलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याने जन्मात चढ चढला नव्हता.

सतीशने गाडी कडेला घेतली. मग मला म्हणाला, "तुम्हाला गाडी येते ना? मागून आणा." आणि उतरून गेला. मी पहिल्या गिअरवर मागे राहिलो. काच खाली होती, म्हणून बोलणं ऐकू येत होतं.

"कधी आलास?" आबांनी विचारलं. हँडल सतीशने घेतलं होतं.

"आत्ताच."

"खोली रंगवलीस असेल."

"रंगवली."

"कुठला रंग?"

"पांढरा."

"बरा. उजेड राहतो." मग बरीच पावलं गेल्यावर आबा म्हणाले, "चल. दुपारचं जेवण करून निघू. मी काही आढेवेढे घेत नाही आता."

सतीश ढकलत राहिला. सड्यावर पोचायला आम्हांला अर्धा तास लागला. वर वारा होता. आबा कातळावर बसले, टोपी काढली आणि सतीश सायकल स्टँडला लावणार तोच म्हणाले, "तू जाऊन ये."

"कुठे?"

"खाली पुलापर्यंत. एकदा जाऊन ये आणि मग निघू."

त्या सायकलवर मी आजवर आबांशिवाय कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. सतीशने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि टांग टाकली. पहिल्या वळणापर्यंत तो अंग चोरून गेला. दुसऱ्या वळणाला त्याच्या शर्टात वारा भरला आणि त्याने पाय पायडलवर सोडून दिले. खाली खाडी दिसत होती, पूल दिसत होता, त्यापलीकडे सुरूचं बन. तो पुलाकडे लहान लहान होत गेला. एवढ्या वरूनही तो मोठ्याने काहीतरी ओरडल्याचं ऐकू आलं.

आबा उठून उभे राहिले होते, कपाळावर हात धरून.

"आबा," मी म्हणालो, "आता तो वर कसा येणार? चालत?"

"चालतच. दुसरं काय." ते परत बसले. "चाळीस मिनिटं लागतील. लागू देत. विचार करायला माणसाला तेवढी तरी हवीतच."

सतीश पन्नास मिनिटांनी आला. ढकलत. घामाने निथळत होता आणि चाकाला लावायचा तो दगड त्याने एका हातात धरला होता. त्याने सायकल आमच्या गाडीला टेकवली, बापाशेजारी कातळावर बसला आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, "बाबा, मी उद्या सकाळी निघतो. एकटाच."

"पाणी पी आधी," आबा म्हणाले. मग उठले, सायकलजवळ गेले आणि आमच्याकडे पाठ करून हँडल सरळ आहे की नाही ते बघत बराच वेळ उभे राहिले. हँडल सरळच होतं.